शाळेत साहाय्यक म्हणून शिकवताना: आधी शोधा, मूल अडलंय कुठे

गोव्यातल्या बहुतेक सरकारी प्राथमिक शाळा चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी माध्यमाच्या असतात. पाचवीत गेलं की बहुतेक मुलांची पुस्तकं एका दमात इंग्रजी होतात. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंड्यात घरी कोकणी, चौथीपर्यंत शाळेत मराठी आणि पाचवीत इंग्रजी असा प्रवास कितीतरी मुलं करतात. काहींच्या घरी कन्नड किंवा हिंदी असते, म्हणजे त्यांच्यासाठी आणखी एक भाषा वाढली. साहाय्यकाकडे ‘कच्ची’ म्हणून पाठवलेली मुलं बरेचदा या वळणावर अडलेली असतात. म्हणून या लेखाचा भर चौथी ते सातवीवर आहे.

साहाय्यकाचं काम वर्गशिक्षकाचा धडा पुन्हा शिकवणं हे नाही. धडा एकदा शिकवून झालेला आहे आणि तो मुलाला कळलेला नाही. तोच धडा तसाच, जरा मोठ्या आवाजात सांगितल्याने काही फरक पडत नाही. मूल नेमकं कुठल्या पायरीवर थांबलंय ते शोधायचं, ती पायरी पक्की करायची आणि आपण बाजूला व्हायचं.

पहिला आठवडा: शिकवू नका, पाहा

वाचनाची चाचणी घरी तयार करता येते. एका कागदावर पाच सुटी अक्षरं, दुसऱ्यावर पाच सोपे शब्द, तिसऱ्यावर चार छोट्या वाक्यांचा उतारा, चौथ्यावर आठ-दहा ओळींची गोष्ट. उताऱ्यापासून सुरुवात करा. अडखळत, शब्द तोडत वाचलं तर खाली शब्दांवर या, तेही जमलं नाही तर अक्षरांवर. उतारा नीट वाचला तर गोष्ट द्या. पाचपैकी चार बरोबर आले तर ती पायरी जमते असं धरायचं. मुलांना कितपत वाचता येतं आणि गणित येतं ते तपासणाऱ्या ‘असर’ या देशभरातल्या पाहणीत हीच पद्धत वापरतात. एका मुलाला पाच-सात मिनिटं पुरतात.

चाचणी घेताना उताऱ्याची एक प्रत तुमच्याकडे हवी. मूल जे म्हणेल तेच त्यावर लिहा. ‘सूर्य’ऐवजी ‘सुरय’ वाचलं तर वर ‘सुरय’ लिहा, नुसती फुली मारू नका. चाचणी संपल्यावर या नोंदी एकत्र पाहिल्या की कळतं, चुका सगळीकडे विखुरलेल्या आहेत की एकाच जागी आहेत. मराठी वाचनात त्या बरेचदा जोडाक्षरांत असतात आणि त्यातही ‘र’ च्या वेगवेगळ्या रूपांत: प्रकाश, सूर्य, ट्रक, दऱ्या. अशा मुलाला सगळं वाचन पुन्हा शिकवायची गरज नाही. दर आठवड्याला एकच रूप घ्या, त्याचे आठ-दहा शब्द चिठ्ठ्यांवर लिहा आणि रोज पाच मिनिटं वाचून घ्या. महिन्याभरात फरक दिसतो.

पाठांतराने फसू नका. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आरत्या आणि भजनं तोंडपाठ असणाऱ्या या मुलांची स्मरणशक्ती तयार असते. पुस्तकातला धडा चित्र पाहून घडाघडा म्हणणारं मूल वाचतंय असं वाटतं. मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवा आणि ‘हा कुठला?’ विचारा. मूल पहिल्या ओळीपासून मनात म्हणत म्हणत तिथवर आलं, तर ते पाठ आहे. म्हणून चाचणीचा उतारा मुलाने कधी न पाहिलेला हवा.

वेगही पाहा. २०२१ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ कळून वाचता यावेत असं उद्दिष्ट ठेवलंय. पाचवीतलं मूल स्वतःच्या भाषेत मिनिटाला तीसच शब्द वाचत असेल, तर वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरतं. त्याला इंग्रजी व्याकरणाचे तक्ते देऊन उपयोग नाही. आधी मराठीत वाचनाचा सराव द्या. पालकांना आणि कधी कधी शिक्षकांनाही हे उलटं वाटतं, पण एका भाषेत सरळ वाचता आलं की दुसरीत ते लवकर येतं.

मुलाच्या डोळ्यांकडेही लक्ष असू द्या. फळ्यावरचं उतरवताना शेजाऱ्याच्या वहीत बघणारं, डोळे बारीक करणारं, एक ओळ गाळून पुढची लिहिणारं मूल आळशी नसतं, त्याला बरेचदा नीट दिसत नसतं. वर्गशिक्षकांना सांगा, तपासणी होईपर्यंत पहिल्या बाकावर बसवा. कानाचंही तसंच. मागून हाक मारल्यावर दर वेळी वळत नसेल तर ते सांगण्यासारखं आहे. आणि सकाळची बस गाठण्यासाठी काही न खाता निघालेलं मूल पहिल्या दोन तासांत गळून जातं. त्याची चाचणी मधल्या सुट्टीत पाव-भाजी खाऊन झाल्यावर घ्या.

गणित: चूक वाचायला शिका

गणितात चुकीचं उत्तर हे उत्तम साधन आहे. २०३ − ७८ हे एकच उदाहरण घ्या. बरोबर उत्तर १२५. पण वर्गात निदान तीन वेगळी चुकीची उत्तरं मिळतील आणि प्रत्येकामागचं कारण वेगळं असेल.

उत्तर २७५ आलं, तर मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतंय: आठातून तीन पाच, सातातून शून्य सात, दोन तसेच खाली. त्याला वजाबाकी म्हणजे काढून घेणं हेच पक्कं नाही. २०३ मधून काढून घेतल्यावर २७५ कसे उरले, असा प्रश्न त्याला पडत नाही. तो तुम्ही विचारायचा, आणि उत्तर न देता थांबायचं.

उत्तर १७५ आलं, तर त्याने शतकाकडून घेतलं, पण दशकाचं घर ओलांडून थेट एककाला दिलं आणि दशकात शून्यातून सात वजा करायचे होते तिथे सातच लिहिले. याला हातचा घेणं ठाऊक आहे, मध्ये शून्य आला की काय करायचं ते ठाऊक नाही.

उत्तर १३५ आलं, तर काम जवळजवळ झालंय. शतक सुटं करून दहा दशक केले, त्यातला एक एककाला दिला, पण दहाचे नऊ करायचे राहिले.

तिघांना एकत्र बसवून ‘हातच्याची वजाबाकी’ पहिल्यापासून शिकवली तर तिसरा कंटाळतो, पहिल्याला काहीच कळत नाही आणि तुमचा अर्धा तास जातो.

साहित्य म्हणून झावळीचे हीर घ्या. गोव्यात ते विकत आणावे लागत नाहीत आणि चांगल्या लांबीचे मिळतात. बोटभर लांबीचे तुकडे करा, टोकं घासून घ्या. दहा-दहांच्या वीस जुड्या रबराने बांधा, त्यातल्या दहा-दहा जुड्या एकत्र बांधून दोन शतकं करा, आणि तीन सुटे हीर ठेवा. आता मुलाला सांगा, ‘यातले ७८ मला दे.’ त्याच्याकडे सुटे तीनच आहेत. दशक एकही सुटं नाही. काही वेळ ते गठ्ठ्याकडे बघत बसेल. बसू द्या. शेवटी मोठा गठ्ठा सोडेल, दहा जुड्या हातात येतील, त्यातली एक सोडेल: १ शतक, ९ दशक, १३ सुटे. ‘दहाचे नऊ’ होताना त्याने पाहिले. हे झाल्याबरोबर, हीर समोर असतानाच, तीच कृती वहीत आकड्यांत लिहून घ्या. हिरांचा खेळ एका दिवशी आणि वहीतलं गणित दुसऱ्या दिवशी केलं, तर दोघांचा संबंध लागत नाही, आणि साहित्य वापरूनही काही झालं नाही अशी तक्रार होते. मग २०५ − ६७, ३०४ − १२६ अशी पाच-सहा उदाहरणं. हळूहळू हीर बाजूला.

पाचवीत आणखी दोन अडचणी येतात ज्या गणिताच्या नाहीतच. पहिली अंकांची. देवनागरी ४ हा इंग्रजी आठसारखा दिसतो, १ हा नऊसारखा आणि ७ बऱ्याच मुलांच्या हातून सहासारखा उतरतो. इंग्रजी अंकांतलं उदाहरण मूल घाईत देवनागरी समजून वाचतं आणि रीत बरोबर असून उत्तर चुकतं. पहिले दोन आठवडे वहीच्या वरच्या कडेला दोन्ही अंकांची पट्टी चिकटवा. त्याचबरोबर दहा संख्या तोंडी सांगून लिहून घ्या: एकोणतीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, पंचवीस, बावन्न अशा. ‘एकोणपन्नास’ ऐकून ५९ लिहिणारी मुलं पाचवीतही भेटतात, कारण त्यांना ‘पन्नास’ तेवढं ऐकू येतं.

दुसरी प्रश्नाच्या भाषेची. ‘सबट्रॅक्ट सेव्हन फ्रॉम ट्वेन्टी’ यात सात आधी येतात, म्हणून मूल ७ − २० मांडतं. ‘वीसमधून सात वजा कर’ म्हटलं की तेच मूल पटकन १३ सांगतं. शाब्दिक उदाहरणात अडलेल्या मुलाला तेच उदाहरण मराठीत किंवा कोकणीत सांगून पाहा. सुटलं तर गणित येतंय, भाषा अडवतेय, आणि गणिताचा सराव वाढवून काही होणार नाही. त्याच्यासाठी वेगळी वही करा: मोअर दॅन, लेस दॅन, लेफ्ट, ईच, ऑल्टुगेदर, डिफरन्स असे शब्द, रोज तीन, प्रत्येकासमोर अर्थ आणि दोन अंकांचं छोटं उदाहरण. शब्दांची लांब यादी एकदम दिली की ती पाठ होते आणि परीक्षेत उपयोगाला येत नाही.

इंग्रजी शब्दांवर देवनागरीत उच्चार लिहिण्याची सवय जवळजवळ सगळ्या मुलांना असते. बंदी घालू नका, पण पुस्तकातल्या ओळीवर लिहू देऊ नका. डोळा खालची इंग्रजी अक्षरं पाहायचंच सोडतो. उच्चार वेगळ्या कागदावर लिहू द्या आणि दुसऱ्या वाचनाला तो कागद उलटा ठेवा.

वेळ कुठून काढायचा

बहुतेक शाळा सकाळी आठच्या सुमारास भरतात आणि दीड-दोनला सुटतात. सुटल्याबरोबर बालरथ, म्हणजे शाळेची बस, निघतो, आणि कदंबची पुढची बस कधी आहे त्यावर मुलाचं जेवण ठरतं. त्यामुळे ‘शाळा सुटल्यावर अर्धा तास थांब’ ही योजना कागदावरच राहते, आणि थांबतात ती नेमकी शाळेजवळ राहणारी मुलं. लवकरच्या बसने येणारी मुलं प्रार्थनेपूर्वी वीस-पंचवीस मिनिटं मोकळी असतात. वाचनाला ती वेळ उत्तम. गणितासाठी वर्गशिक्षकांशी बोलून आठवड्यातले तीन तास ठरवा. खेळाचा आणि चित्रकलेचा तास घेऊ नका. वाचता न येणाऱ्या मुलाला दिवसभरात कुठेतरी जमतंय असं वाटायचं ते तेवढ्याच तासांत, आणि तेच काढून घेतलं की तुमच्या खोलीकडे येणं ही शिक्षा होते.

गट तीन ते पाच मुलांचा. त्याहून मोठा झाला की तो छोटा वर्ग होतो. एका बैठकीला तीस मिनिटं: पाच मिनिटं कालचं, पंधरा मिनिटं एकच नवी गोष्ट, दहा मिनिटं मुलांनी एकट्याने करायची. ही शेवटची दहा मिनिटं घाईत गाळली जातात आणि तिथेच नुकसान होतं, कारण तुम्ही शेजारी असताना जमलेलं एकट्याला जमतं का ते कळत नाही.

चवथीच्या सुट्टीनंतरचा पहिला आठवडा उजळणीसाठीच धरा. काजूच्या हंगामात आणि गावच्या जत्रेच्या दिवसांत काही मुलं येणारच नाहीत. त्या दिवसांत नवीन पायरी सुरू करू नका.

मदत किती करायची

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या चांगल्या मनाने होतात. मूल अडखळलं की साहाय्यक उत्तर सांगतो. महिन्याभरात मूल प्रत्येक ओळीला वर बघायला लागतं. साहाय्यक सारखा शेजारी असेल तर वर्गशिक्षकही त्या मुलाकडे कमी वळतात, शेजारची मुलं त्याच्याशी बोलेनाशी होतात, आणि सगळ्यात जास्त शिक्षकाची गरज असलेल्या मुलाला शिक्षकच मिळत नाही.

म्हणून क्रम ठरवून घ्या:

१. गप्प राहा. मनात पाच अंक मोजा. ही पाच सेकंदं फार लांब वाटतात, मुलाला ती लागतात.
२. ‘आता पुढे काय करायचं?’ एवढंच विचारा.
३. खूण द्या: ‘काल हिरांनी काय केलं होतंस?’
४. त्याच प्रकारचं दुसरं उदाहरण तुमच्या कागदावर बोलत बोलत सोडवून दाखवा.
५. मुलाचं उदाहरण मुलालाच करू द्या.

मुलाची पेन्सिल हातात घेऊ नका आणि त्याच्या वहीत उत्तर लिहू नका. वर्गशिक्षकांना वहीवरून मुलाची पातळी कळली पाहिजे, तुमची नाही. ‘कळ्ळें?’ असंही विचारू नका. मूल ‘हय’ म्हणणारच. ‘मला समजावून सांग’ म्हणा.

वर्गात तास चालू असताना मुलाला खेटून बसू नका. दोन-तीन बाकांमध्ये फिरता येईल अशी जागा घ्या. एकाला मदत करून दुसरीकडे वळा, तीन-चार मिनिटांनी परत या.

वर्गशिक्षक, वही, पालक

सोमवारी वर्गशिक्षकांची दहा मिनिटं मागून घ्या. या आठवड्यात कुठला धडा, कुठली मुलं, शुक्रवारी त्यांना काय यायला हवं, एवढंच विचारायचं. भागाकाराची किंवा हातच्याची त्यांची रीत कुठली तेही पाहून घ्या. ते एका रीतीने शिकवतात आणि तुम्ही दुसऱ्या, तर मूल दोन्ही अर्धवट मिसळतं.

रोजची नोंद एका ओळीची, पण नेमकी. ‘लक्ष नव्हतं’, ‘सराव हवा’ या नोंदी सहा महिन्यांनी कुणालाच काही सांगत नाहीत. नोंद अशी असावी: ‘१२ ऑगस्ट. स. वजाबाकी, मध्ये शून्य. ६ पैकी २ बरोबर. दहाचे नऊ करत नाही. उद्या हीर घेऊन पुन्हा.’ नावाऐवजी आद्याक्षर लिहा आणि वही शाळेतच ठेवा.

पालकांशी बोलणं वर्गशिक्षकांमार्फतच होऊ द्या. बोलायची वेळ आली तर आधी मुलाला काय येतं ते सांगा, मग एकच काम द्या. संध्याकाळी स्वयंपाक चालू असताना मुलाने दहा मिनिटं मोठ्याने वाचायचं, आईने नुसतं ऐकायचं. आईला वाचता येत नसलं तरी हे होतं. बसस्टॉपवर, देवळात, बाजारात कुणी विचारलं तर मुलाबद्दल एक अक्षरही बोलायचं नाही. इथे गावात सगळे एकमेकांना ओळखतात, आणि ‘त्याला वाचायला येत नाही’ हे दुसऱ्या दिवशी वर्गात पोचतं.

शिक्षण हक्क कायद्याचं २८वं कलम शिक्षकांना खाजगी शिकवण्या घ्यायला मनाई करतं. साहाय्यकानेही शाळेतल्या मुलांच्या पैसे घेऊन शिकवण्या करू नयेत. शाळेत अर्धवट शिकवून घरी बोलावतात, असा संशय एकदा आला की पुसला जात नाही.

मुलांची सुरक्षा

दार उघडं असलेल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा जागी बसा: व्हरांडा, वाचनालयाचा कोपरा. मुलांचे फोटो स्वतःच्या फोनमध्ये नकोत. मुलाला स्कूटरवर घरी सोडायचं ते मुख्याध्यापक आणि पालक दोघांना विचारूनच, कितीही पाऊस असला तरी. मारणं आणि मानसिक छळ दोन्हींना शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने बंदी आहे. सगळ्यांसमोर ‘चौथीत परत जा’ म्हणणंही करू नका.

मुलाने कुणी त्रास देत असल्याचं सांगितलं तर शांतपणे ऐका. खोदून विचारू नका, आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ते तुम्हाला पाळता येणार नाही. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या आणि त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगा. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं हे प्रत्येक व्यक्तीवर बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. वर कुणी ‘बघू’ म्हणाल्याने तुमची जबाबदारी संपत नाही. चाइल्ड हेल्पलाइन १०९८. मूल जिवाचं बरंवाईट करण्याचं बोललं तर एकटं सोडू नका, समुपदेशकांना लगेच बोलवा. टेली-मानस १४४१६ वर चोवीस तास कुणीतरी बोलायला असतं.

आठ-दहा आठवड्यांनीही फरक पडला नाही तर

नियमित येऊन, योग्य पायरीवर शिकूनही अक्षरं गळत असतील, तोंडी उत्तम सांगणाऱ्या मुलाला लिहिताच येत नसेल, तर तुमची वही घेऊन वर्गशिक्षक आणि विशेष शिक्षकांकडे जा. अध्ययन अक्षमतेचं नाव स्वतः घेऊ नका, ते ठरवणं तज्ज्ञांचं काम आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती धरलेली आहे, आणि गोवा शालान्त मंडळ प्रमाणपत्र असलेल्या मुलांना जादा वेळ, लेखनिक अशा सवलती देतं. पण तपासणीला वेळ लागतो, म्हणून दहावीच्या तोंडावर धावाधाव करण्याऐवजी सातवी-आठवीतच सुरुवात करून द्या.

लेखनिक मिळाला म्हणजे काम झालं असं नाही. सांगून लिहवून घेणं हे वेगळं कौशल्य आहे. परिच्छेद कुठे बदलायचा, शब्दाचं स्पेलिंग काय, आकृतीत कुठे काय, हे मुलाला बोलून सांगावं लागतं. आठवीपासून पंधरवड्यातून एकदा तसा सराव द्या. तुम्ही लेखनिक असाल तर सांगितलेलं तेवढंच लिहा, चुकलं असलं तरी.

वर्ष संपताना प्रत्येक मुलासाठी एक पान करा: पहिल्या आठवड्यातली चाचणी, शेवटची चाचणी, कुठली पायरी पक्की झाली, कुठली अर्धी आहे, काय करून पाहिलं आणि त्यातलं काय चाललं नाही. हा शेवटचा रकाना गाळू नका. तो नसला तर पुढच्या वर्षी येणारा साहाय्यक वर्षाच्या सुरुवातीपासून दिवाळीपर्यंत तुम्ही करून सोडून दिलेलंच पुन्हा करत बसेल.